दोन वाजताची गुळणी

“आत्ता वाजलेत सकाळचे अकरा,” सिस्टरांनी चार्ट टेबलावर आपटला. “आणि चार नंबरच्या पेशंटच्या रात्री आठच्या गुळण्यासुद्धा कागदावर झाल्यात. कमाल आहे.”

इनचार्ज मॅडमनी मान वर केली नाही. “उद्या तपासणी आहे. कागद पूर्ण हवेत. उगाच डोक्यात राख घालून घेऊ नका.”

“कागदाला तोंड येत नाही मॅडम, माणसाला येतं.”

वीस वर्षं सिस्टर याच वॉर्डात होत्या. स्टेमसेल चढवण्याआधी अंगभर किरणं देतात, मग तोंड आतून सोलून निघतं, थुंकी गिळायचीही धास्ती वाटते. ते जमेल तेवढं टाळायचं तर दर दोन तासांनी मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या, दिवसाला आठ. काम इतकं साधं, म्हणूनच कोणी मनावर घेत नसे. कधी नव्हे ती दोन दिवसांची रजा घेतली आणि हा प्रकार. त्यांना स्वतःचाही राग आला.

चार नंबरचे काका बसस्टँडवर गाड्या पुकारायचे. त्यांच्या उशाशी सिस्टरांनी रजेवर जाण्याआधी भरून ठेवलेली बाटली तशीच गळ्यापर्यंत भरलेली होती.

“काका, गुळण्या?”

“कोणी सांगितलं नाही हो. मला वाटलं, थांबवल्या असतील. विचारलं असतं, पण कशाला कुणाला त्रास.” ते ओशाळून हसले. “एवढं तोंड सांभाळा सिस्टर. त्याच्यावरच पोट आहे माझं.”

सिस्टरांनी टॉर्च मारला. जिभेवर पांढरा थर धरला होता. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी बँडेजच्या पट्टीने पेन कॉटच्या दांड्याला बांधलं आणि कोरा चार्ट काकांच्या हातात दिला.

“आता खूण तुम्हीच करायची. केलं तरच. मला खूश करायला नको.”

“हे नियमात बसत नाही,” इनचार्ज मॅडम दारातून म्हणाल्या.

“मग करा माझी तक्रार.”

तक्रार झाली. सिस्टरांना लेखी ताकीद मिळाली. तपासणीवाल्यांनी मात्र वॉर्डाच्या कागदांचं कौतुक केलं.

किरणं झाली, स्टेमसेल चढल्या आणि आठव्या दिवशी काकांचं तोंड आलं. ओठ सुजले, आवाज बंद झाला. ते दोन दिवस बुडाले म्हणून आलं, की एरवीही आलंच असतं, हे डॉक्टरही सांगू शकत नव्हते. कुणाची गचांडी धरावी हेच कळेना, म्हणून सिस्टर दिवसभर भांडी आपटत होत्या.

चार वाजता त्या काकांजवळ गेल्या. चार्टवर सहा, आठ, दहा, बारा या वेळांपुढे थरथरत्या खुणा होत्या. दोनचा चौकोन कोरा होता. काकांनी त्यावर बोट ठेवलं, मग घशावर, आणि मान हलवली. जमलं नव्हतं.

सिस्टरांनी पेल्यात पाणी ओतलं आणि काकांच्या पाठीमागे हात घातला. एक घोट तोंडात फिरायला बराच वेळ लागला. मग काकांनी पेन ओढून घेतलं आणि चारच्या पुढे खूण केली. दोनचा चौकोन त्यांनी तसाच ठेवला.