काठीची लाल रेघ

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. आधाराची नाही, धाक दाखवायची तर मुळीच नाही. मी बर्फ मोजायची काठी. डोंगरावरच्या एका घराच्या फाटकाशी मी नऊ हिवाळे उभी होते. आज तुमच्यापुढे एक गोष्ट कबूल करायची आहे, आणि ती सांगताना मला माझीच लाज वाटते.

माझा जन्म मोडक्या शिडीतून झाला. घरच्या बाबांनी तिचा एक दांडा तासला, त्यावर बोटाबोटाच्या अंतराने खुणा केल्या आणि गुडघ्याच्या उंचीवर एक लाल रेघ ओढली. बाबा खाली शहरातल्या वृद्धाश्रमात बॉयलरचे मिस्त्री होते. जाऊन-येऊन चार तास मोडायचे. शहरातच राहायला गेले असते, पण त्यांच्या लेकीला, बुटकीला, तिथल्या धुरात दम लागायचा. डोंगरावर मात्र ती दिवसभर हुंदडायची. म्हणून घर वर आणि नोकरी खाली, अशी ओढाताण चालायची.

त्यावर वृद्धाश्रमाच्या मोठ्या बाईंनी तोडगा काढला. "रेघ बुडाली तर येऊ नका. दिसतेय तोवर मात्र कुरकुर न करता यायचं."

तेव्हापासून माझा भाव काय वधारला म्हणून सांगू! पहाटे उठून बाबा चहाच्याही आधी मला बघायला यायचे. बाई फोनवर एवढंच विचारायच्या, "काठी काय म्हणते?" माझ्या शब्दावर त्यांनी कधी शंका घेतली नाही. मी मनातल्या मनात फुगून जायचे. बुटकी मला 'काठीबाई' म्हणायची आणि आज तरी रेघ बुडव म्हणून लाडीगोडी लावायची. मी कुणाचं ऐकत नसे.

नवव्या हिवाळ्यात बाबा तीन आठवडे एकही सुट्टी न घेता खाली जात होते. जेवताना त्यांना डुलकी लागायची. एका पहाटे ते गाडीसाठी वाट मोकळी करत होते. त्या दिवशी रेघ चांगली चार बोटं वर दिसत होती. फावड्याने उचललेला बर्फ ते बाजूला टाकत होते, आणि शेवटचा पाच-सहा फावडी बर्फ माझ्या पायाशी पडला. रेघ दिसेनाशी झाली.

त्यांनी मुद्दाम केलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. बर्फ दूर करायला त्यांनी फावडं उचललंही. मग ते तसेच उभे राहिले. थोड्या वेळाने त्यांनी फावडं भिंतीला टेकवलं आणि ते आत गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला त्यांचा आवाज आला, "बाई, रेघ बुडाली."

लाकडाला तोंड नसतं, अशी सबब मी सांगू शकते. पण खरं म्हणजे मला ते आवडलं होतं. त्या दिवशी बाबा आठपर्यंत झोपले. उठून त्यांनी बुटकीला पाठीवर घेतलं, अंगणभर पळवलं. तिची आई दारात उभी राहून हसत होती.

दहा वाजता फोन वाजला. बॉयलर बंद पडला होता. मोठ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही काय करणार, तिथे अडकलात. नुसतं सांगा, कुठली झडप फिरवू?"

रस्ता मोकळा होता. बाबा दोन तासांत पोचले असते. पण पोचले असते तर खोटं उघडं पडलं असतं. ते फोनवर झडपा सांगत राहिले. बॉयलर काही सुरू झाला नाही. संध्याकाळी दुसरा मिस्त्री मिळाला, तोवर म्हातारी माणसं कोट घालून एका खोलीत बसून होती. खिडकीजवळच्या खाटेवरच्या आजींना ताप भरला. अकरा दिवस त्या दवाखान्यात होत्या.

बऱ्या होऊन आल्यावर त्यांनी बाबांकडे बुटकीसाठी लोकरीची टोपी दिली. वर थंडी जास्त असते, पोरीला जपा, असा निरोपही दिला. टोपी पाहून बुटकी नाचली. बाबा बाहेर येऊन कितीतरी वेळ माझ्यासमोर उभे राहिले. मग त्यांनी मला उपटलं आणि गाडीत घातलं.

मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "दमला होतात, तर दमलो म्हणायचं! मी खाल्लं असतं का तुम्हाला?" त्या खुर्चीतून उठल्या. "आता आजींना तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार."

आजींनी माझ्यावरून हात फिरवला. रेघेवर बोट ठेवून विचारलं, "बर्फ इथवर होता?"

"नाही आजी. याच्या खाली होता. मी येऊ शकत होतो."

आजींनी बोट रेघेवरून काढून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "मला वाटलं, तुझं येणं शक्यच नव्हतं. म्हणून थंडीने काकडत असूनही मी कुणाला हाक मारली नाही रे. गप्प बसून राहिले."

बाबा खाटेशी खाली बसले आणि रडले.

आता मी वृद्धाश्रमाच्या बॉयलरखोलीत कोपऱ्यात पडून असते. बाबा आता पहाटे स्वतःच रस्ता बघतात आणि स्वतःच्या शब्दावर येतात किंवा येत नाहीत. मला कुणी विचारत नाही, आणि ते बरंच आहे.

मित्रांनो, ज्याच्या शब्दावर दुसरी माणसं विसंबून आहेत, त्याच्या पायाशी आपल्या हाताने काही लोटू नका. चुकून पडलंच, तर तेव्हाच बाजूला करा. आणि फार दमलात, तर तसं सांगा. मला तोंड नव्हतं, तुम्हाला आहे.