कोरड्या काचेवरचा वायपर

मी वायपर बोलतोय, आणि पाऊस अजिबात पडत नाहीये.

हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या आयुष्याचं सगळं दुखणं या एका वाक्यात आहे. पावसात वायपर हलला तर त्यात सांगण्यासारखं काय? पण लख्ख उन्हात, ठणठणीत कोरड्या काचेवर मी किर्र किर्र करत हलू लागलो की शेजारच्या गाडीतले लोक वळून बघतात. या गाडीत कुणाचं तरी डोकं फिरलंय, असं त्यांना वाटतं. तसं काही नाही. या गाडीत एक आई बसली आहे आणि तिला फक्त वळायचं आहे.

माझा जन्म कारखान्यातला. लोखंडी हात, त्याला पोलादी पट्टी, पट्टीच्या कडेला मऊ काळं रबर, एवढाच माझा देह. एका टोकाला बोल्टने आवळून टाकलेला. गाडीवर बसवलं तेव्हा मला वाटलं होतं, आता जग बघायला मिळणार. गाडीने जग पाहिलं असेल. मी मात्र त्याच अर्ध्या वर्तुळात जातो आणि त्याच वाटेने परत येतो. शेजारी माझा धाकटा भाऊ आहे, माझ्याहून जरासा तोकडा. आम्ही दोघं नेहमी एकाच वेळी एकाच बाजूला झुकतो, त्यामुळे जन्मभर शेजारी राहूनही आमची भेट काही झालेली नाही.

माझे पहिले मालक पियानोचे सूर लावून द्यायचे. कानाचे इतके तिखट की माझी जरा किरकिर झाली तरी गाडी बाजूला घेऊन ओल्या फडक्याने माझं रबर पुसायचे. त्यांच्याकडे मी पावसातच हललो, एकदाही उगाच नाही. पुढे डोळे अधू झाले आणि त्यांनी गाडी विकली. शेवटच्या दिवशी त्यांनी टपावरून हात फिरवला, दारावरून फिरवला, आरसाही पुसला. माझ्याकडे लक्ष गेलं नाही. असो. वायपरला कोण निरोप देतं?

मग हे कुटुंब आलं. तो, ती आणि मागच्या सीटवर पट्ट्यांनी जखडलेली त्यांची लेक, छकुली. हे लोक जिथून आले तिथे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असतं. इथे सगळं आरशात पाहिल्यासारखं उलटं. नवऱ्याचा हात लवकर बसला. ती शेजारी बसायची आणि प्रत्येक वळणाला डोळे मिटून घ्यायची.

एवढ्यात नवऱ्याच्या कंपनीने त्याला दुसऱ्या गावच्या कामावर पाठवलं. तो शनिवारी रेल्वेने यायचा, रविवारी जायचा. गाडी इमारतीखाली उभी. माझ्या अंगावर पानं साठली, पाखरांनी आपापली आठवण ठेवली. येणारेजाणारे माझ्याखाली जाहिरातींचे कागद अडकवून जायचे. लोकांना मी कागद धरून ठेवायचा चिमटा वाटतो.

मी उभा होतो तिथून त्यांची पहिल्या मजल्यावरची खिडकी दिसायची. ती दिवसातून कितीतरी वेळा छकुलीला कडेवर घेऊन तिथे येऊन उभी राहायची. खाली बघायची, गाडीकडे बघायची, मग नजर वळवायची. दुकान लांब, बाग लांब, ओळखीचं कुणी नाही, आणि त्या भागात बस येत नव्हती. छकुली काचेला ओले पंजे चिकटवायची आणि ती फडक्याने पुसायची. तिचाही हात काचेवरून अर्ध्या वर्तुळात फिरायचा, इकडून तिकडे आणि परत. एकमेकांकडे बघणाऱ्या आम्हा दोघांचं काम एकच होतं.

एका शनिवारी दोघं गाडीत बसून बोलली. छकुली वर झोपली की कुजबुजावं लागतं, म्हणून भांडायला ती दोघं खाली गाडीत येत. झोपलेली लेक रडली तर खाली ऐकू यावं म्हणून एक छोटं यंत्र तिच्या हातात असायचं.

तिला नोकरी मिळाली होती. पिण्याचं पाणी तपासणारी एक प्रयोगशाळा होती गावाबाहेर, आणि तिच्या शेजारीच पाळणाघर. छकुलीला तिथे जागाही मिळाली होती. फक्त पहिल्या तारखेपर्यंत हजर व्हायला हवं, नाहीतर दोन्ही जागा दुसऱ्या कुणाच्या.

"अगं, तुझ्याकडे लायसन्स आहे, इथलं परमिट आहे," नवरा म्हणाला. "तिकडे भर बाजारातून गाडी काढायचीस ना?"

"तिकडे हॉर्न होता. हॉर्न वाजवला की लोकांना कळायचं, मी येतेय. इथे वाजवला की वाटतं, मी भांडायला आलेय."

"मग भांड की."

"तुझ्याशी भांडते तेवढं पुरे आहे." तिने वर खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मला जमलं नाही तर मी त्या खिडकीतच म्हातारी होईन रे."

नवऱ्याने मग तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. आईचे गुडघे दुखत होते म्हणून बाबा एकटेच आले. तिला गाडी त्यांनीच शिकवली होती, त्यामुळे त्यांना वाटत होतं की प्रश्न सुटल्यातच जमा आहे.

पण घोळ असा, की या गाडीत शेजारची सीट उजवीकडे. म्हणजे बाबा जन्मभर ज्या जागी बसून गाडी चालवत आले, नेमक्या त्याच जागी बसले. समोर काच, डाव्या हाताला गिअर, सगळं ओळखीचं. फक्त स्टिअरिंग गायब. त्यांच्या हातापायांना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

"बाबा, तुमचा पाय."

"कुठे काय?"

"ब्रेक नाहीये तिथे. तुम्ही पायपुसणं दाबताय."

"तू दाबत नाहीस म्हणून मी दाबतोय."

एकदा तर तिने क्लच दाबायच्या आत त्यांच्या डाव्या हाताने परस्पर गिअर बदलला. गाडी अशी उसळली की माझा भाऊ आणि मी काचेवर आपटलो.

"हात मांडीवर ठेवा नाहीतर मागे छकुलीजवळ बसा."

"मागे मला गाडी लागते."

तिची चूक वेगळी होती. तिच्या जुन्या गाडीत इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला होती. इथे उजव्या हाताला माझी दांडी. त्यामुळे वळण आलं की तिचा हात सवयीने उजवीकडे जायचा आणि वळायचा इशारा होण्याऐवजी मी उठायचो. आपलं काय चुकलं हे कळेपर्यंत वळण निघून गेलेलं असायचं. मागचा माणूस हॉर्न वाजवायचा. इथे हॉर्न क्वचित वाजतो, त्यामुळे एकदा वाजला तरी तो तिला आख्खा दिवस पुरायचा.

मलाही कमी लाज वाटत नव्हती. मला बोलावलंय म्हणजे काम असेल, असं समजून मी उठायचो आणि समोर पुसायला थेंबसुद्धा नाही. आपली गरज नसताना आपण सगळ्यांच्या नजरेसमोर हात हलवत उभं राहायचं. ज्याच्यावर ही वेळ आली आहे त्याला ते सांगायला नको.

खूश फक्त छकुली. मी हलायला लागलो की ती मागून पंजा हलवायची. "टाटा," म्हणायची. तिने माझं नावच टाटा ठेवलं. आईच्या प्रत्येक चुकीला मागून एक टाटा.

प्रयोगशाळेच्या वाटेवर एक मोठं सर्कल आहे. मध्ये गवताचं बेट, भोवती दोन लेन, बाहेर पडायला पाच रस्ते. इथे सर्कलभोवती उलट बाजूने फिरतात. आत शिरताना डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं आणि बाहेर पडताना उजवा इंडिकेटर द्यायचा. घरी कागदावर बशी ठेवून आणि छकुलीची खेळण्यातली गाडी फिरवून तिने हे पाठ केलं होतं. पहिल्या तारखेच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी ती तिथे पोचली.

"उजवीकडे बघ," बाबा म्हणाले. चाळीस वर्षांची सवय, दुसरं काय.

तिने उजवीकडे बघितलं. डावीकडून आलेली गाडी चाकं घासत आमच्यापासून वीतभर अंतरावर थांबली. घाबरून तिने ॲक्सिलरेटर दाबला आणि आम्ही थेट आतल्या लेनमध्ये जाऊन पडलो.

"आता कुठला रस्ता?"

"तो. झाडाजवळचा."

"गेला."

"मग पुढच्या फेरीला."

पुढच्या फेरीलाही तो गेला. बाहेर पडायला उजवीकडची लेन ओलांडावी लागते आणि तिथे गाड्यांची रांग. त्या गाड्यांना कळायला हवं की हिला बाहेर पडायचंय. तिने इशारा दिला आणि मी उठलो. कोरड्या काचेवर किर्र. रांगेतल्या कुणालाच काही कळलं नाही. तिने घाईघाईने दांडी आणखी ओढली, मी आणखी जोरात हलू लागलो.

"टाटा," छकुली म्हणाली.

झाड आलं आणि गेलं. पाटी आली आणि गेली. पुन्हा झाड. अर्ध्या वर्तुळात अडकणं काय असतं ते मला ठाऊक होतं. त्या दुपारी ते वर्तुळ पूर्ण झालं. मी काचेवर फिरत होतो, गाडी बेटाभोवती फिरत होती, आणि तिच्या गालांवरून जे ओघळत होतं ते काचेच्या आतल्या बाजूला होतं. नेमकं तिथे माझा हात पोचत नाही.

"मी इथेच राहणार आता," ती म्हणाली. "पेट्रोल संपेपर्यंत."

बाबांनी काट्याकडे पाहिलं. "बरंच आहे."

"बाबा, प्लीज."

त्यांनी डावा हात गिअरवर ठेवला. मग अगदी हळू म्हणाले, "क्लच दाब."

"दाबलाय."

त्यांच्या डाव्या हाताने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. या वेळी गाडी उसळली नाही.

"आता फक्त चाक धर. बाकी मी बघतो."

त्यांनी आपल्या बाजूची काच खाली केली आणि कोपरापासून सबंध हात बाहेर काढला. पंजा उघडा, बोटं जुळवलेली, हात खांद्याच्या रेषेत सरळ. इंडिकेटर बंद पडलेल्या त्यांच्या जुन्या गाडीत ते असेच वळायचे. उजवीकडे वळायचं तर उजवा हात बाहेर. आज ते उजवीकडेच बसले होते आणि जायचंही उजवीकडेच होतं.

बाहेरच्या लेनमधला मालट्रक करकचून ब्रेक लावून थांबला. खिडकीतून बाहेर आलेला असा हात त्या ड्रायव्हरने बहुधा कधी पाहिला नसावा. तो बघतच राहिला. त्याच्या मागची रांगही थांबली. आम्ही सगळ्यांसमोरून, मी अजून जोरजोरात हलत आणि बाबांचा हात तसाच बाहेर, त्या झाडाजवळच्या रस्त्याला लागलो.

पुढे तिने गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

"बाबा, इथे हात बाहेर काढत नाहीत."

"म्हणून तर थांबला तो."

रडता रडता ती हसली. मग तिने छकुलीच्या केसांतलं एक लाल रबर काढलं आणि माझ्या दांडीला गुंडाळलं. हात तिथे गेला की बोटांना कळावं, ही ती नव्हे.

बाबा परत गेले. विमानतळावर नवऱ्याने सोडलं. निघताना ते तिला म्हणाले, "मी नसलो तरी पायपुसणं दाबत जा अधूनमधून."

पहिल्या तारखेला तिने माझ्यावरची पानं झटकली, छकुलीला मागे पट्ट्यांत बसवलं आणि उजवीकडच्या रिकाम्या सीटवर आपली पर्स ठेवली. सर्कल येईपर्यंत ती स्टिअरिंगवर झुकून बसली होती. तोंडाजवळची काच धुरकटली होती.

तिने डावीकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. आत शिरली. झाड जवळ येऊ लागलं तसा तिचा उजवा हात उठला. मीही सवयीने सावरून बसलो. बोटं लाल रबराला लागली आणि थांबली. क्षणभर गाडीत कुणीच काही केलं नाही. मग डाव्या हाताची बोटं हलली आणि टिक टिक असा आवाज आला, जो मी या गाडीत तिच्याकडून पहिल्यांदाच ऐकला. शेजारच्या गाडीने वेग कमी करून जागा दिली. आम्ही बाहेर.

मी जागेवरून हललो नव्हतो.

"टाटा नाही?" मागून रडवेला आवाज आला.

तिने आरशात छकुलीकडे पाहिलं. प्रयोगशाळेच्या आवारात गाडी उभी केली. मग लाल रबराची दांडी तिने मुद्दाम, हलकेच खाली ओढली. मी कोरड्या काचेवरून एकदा इकडून तिकडे गेलो आणि परत आलो. इतक्या दिवसांत तिने मला चुकून नव्हे तर ठरवून बोलावण्याची ती पहिलीच वेळ.

ती सुटली, असं मी म्हणणार नाही. अजूनही सर्कलच्या आधी ती दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळते. घर तेच आहे, खिडकी तीच आहे, आणि काही सकाळी ती गाडीत बसून किल्ली न फिरवता कितीतरी वेळ नुसती बघत राहते. पण आता त्या खिडकीच्या काचेआडून नाही, हे मला दिसतं.

माझं म्हणाल तर कोरड्या घासण्याने माझ्या रबराच्या चिंध्या झाल्या आहेत. काल खरंच शिंतोडे आले तेव्हा मी पुसण्याऐवजी नुसते ओरखडे काढले. मागच्या सीटवर नव्या जोडीचं खोकं येऊन पडलंय. आज मेकॅनिक माझा बोल्ट सैल करील. इतक्या वर्षांनी मी मोकळा होणार, आणि मोकळा झालो की माझा काही उपयोग नाही.

जाण्याआधी एकच मागणं. उन्हात कधी एखाद्या गाडीचा वायपर हलताना दिसला तर हॉर्न वाजवू नका. थोडी जागा द्या. आत कुणीतरी नवं आलंय आणि त्याला वळायचंय.

मेकॅनिकने पाना लावला आहे. ती छकुलीला कडेवर घेऊन शेजारी उभी आहे. धाकटा भाऊ आधीच निघाला. नव्या जोडीच्या रिकाम्या झालेल्या खोक्यात का होईना, आता आमची भेट होईल.

छकुलीने पंजा उचलला आहे. मी हलत नसतानाही.