नव्या भाताचा वाटा

मिस्सा संपली तरी नीरकट्टेच्या चर्चमधून कुणी लगेच उठत नसे, कारण खरी गंमत त्यानंतरच असायची. फादर वालेरियन चष्मा पुसून सूचना वाचायला घेत. कुणाचं लग्न कुणाशी ठरलंय आणि त्याला कुणाची हरकत आहे का, कुणाची छत्री बाकाखाली सापडली, कब्रस्तानातलं गवत कोणत्या वाड्याने कापायचं, सगळं एकाच सुरात. त्या रविवारी अगदी शेवटी त्यांनी वाचलं, "कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगला मुलींकडे बघायला बाई हवी आहे. वय चाळीस ते पंचावन्न. साठ जणांचा स्वयंपाक यावा. झोप सावध असावी. सिस्टर क्लेमेन्सियांना भेटावं."

"झोप सावध असावी" म्हटल्यावर पुरुषांच्या बाजूने खसखस पिकली आणि सगळ्यांच्या नजरा अपोलीनबायकडे वळल्या. प्रवचन सुरू झालं की अपोलीनबाय घोरायला लागते हे फादरनासुद्धा ठाऊक होतं.

बेनदिक्ता मात्र हसली नाही. कुवेतला सोळा वर्षं परक्यांच्या घरात तिने स्वयंपाक केला होता, त्यांची चार पोरं वाढवली होती. तिची झोप इतकी सावध झाली होती की शेजारच्या मांजरीने कूस बदलली तरी ही उठून बसे. नोकरी जणू तिचं माप घेऊनच शिवली होती. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण तिची लेक लवीना होती.

नवरा गेला तेव्हा लवीना सात वर्षांची. तिला याच बोर्डिंगमध्ये ठेवून बेनदिक्ता विमानात चढली. रजा मिळायची ती कधी नाताळात, कधी मे महिन्यात. बाहुल्या आणि चॉकलेटं घेऊन यायची आणि पोर जरा अंगाशी यायला लागली की परतीची तारीख उजाडायची. लवीना तिथेच शिकली, मोठी झाली आणि आता त्याच शाळेत तिसरीला शिकवत होती. राहायचीही तिथेच, शिक्षिकांच्या खोलीत. कायमची घरी परतलेली आई भाताचं भांडं चुलीवर ठेवून वाट बघायची आणि लेक फक्त रविवारी जेवायला यायची, पाहुण्यासारखी. "तारल्यांचं सार छान झालंय," म्हणायची, ताट स्वतः धुवायची आणि तीनच्या बसने जायची. छान झालंय म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, हीच तर पंचाईत होती.

त्या दुपारी बेनदिक्ताने धीर करून विषय काढला.

"फादरनी वाचलं ते ऐकलंस ना? मी जाऊन भेटेन म्हणते सिस्टरना."

लवीनाचा घास हातातच राहिला. "कशाला?"

"कशाला म्हणजे? काम येतं मला. घरात बसून भिंतींशी किती बोलू?"

"साठ पोरींची आई व्हायला निघालीस?" लवीना शांतपणे म्हणाली. "मम्मी, आधी एकीची तरी होऊन बघायची होतीस."

मग तिने ताट उचललं, धुतलं आणि त्या दिवशी दोनच्याच बसने गेली. बेनदिक्ता बराच वेळ चुलीपुढे बसून राहिली. राग आला असता तर बरं झालं असतं. पण पोरीचं काय चुकलं होतं?

तरी ती सोमवारी कॉन्व्हेंटची चढण चढलीच. सिस्टर क्लेमेन्सिया म्हणजे बोलण्यात काटकसर करणारी बाई. शब्दांना जणू रेशन होतं. मुलाखत वगैरे भानगडीवर त्यांचा विश्वास नव्हता. जिला काम हवं तिने दोन दिवस बोर्डिंगमध्ये काढायचे, हीच परीक्षा.

"दुसरी एक आहे," सिस्टर म्हणाल्या. "आयरिन. बेंगळूरच्या हॉस्पिटलात होती. तिचे दोन दिवस झाले."

"कशी वाटली, सिस्टर?"

"शिस्तीची. पोरी गळ्यापर्यंत पांघरूण ओढून झोपल्या. एकीनेही पाणी मागितलं नाही." ही स्तुती की तक्रार, हे सिस्टरांच्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता. "तुझे दोन दिवस सणाचे. मोंती सणाचा आदला दिवस आणि सण. आणि हे बघ, घरातलं एक माणूस आधीच इथे कामाला असलं की आम्ही त्याला विचारतो. लवीनाला विचारलं."

"काय म्हणाली?"

"सणानंतर सांगते म्हणाली. ती नको म्हणाली तर नाही."

बेनदिक्ता मान हलवून उठली तेव्हा सिस्टरांनी आणखी एक शब्द खर्च केला. "फोन." मग थोडं थांबून, "पोरींच्या हाती नाही. रविवारी ऑफिसात, माझ्यासमोर, तेवढंच. आधीची बाई त्यापायीच गेली."

सणाच्या आदल्या दिवशी बेनदिक्ताने साठ जणींना पेज घातली, वेण्या घातल्या, आणि सकाळी मरियामाउलीला तिच्या जन्मदिवशी वाहायला म्हणून पानांचे साठ द्रोण फुलांनी भरले. लवीना दिवसातून चार वेळा समोरून गेली. चारही वेळा "फुलं पुरतील ना?" एवढंच विचारलं. फुलं पुरून उरणार होती हे तिलाही दिसत होतं. पण तेवढा प्रश्न तरी होता, म्हणून बेनदिक्ताने तो मनाशी धरून ठेवला.

सणाच्या सकाळी पोरींनी गात गात फुलं उधळली, फादरनी नव्या भाताच्या लोंब्यांना आशीर्वाद दिला आणि घराघरात त्या वाटल्या. मग अंगणात एकच गडबड उडाली. आया, आज्या, मामा, रिक्षा. या दिवशी पोर घरी जेवलं पाहिजे. लोंबीचे दाणे सोलायचे, वाटून नारळाच्या दुधात कालवायचे आणि घरातल्या वडील माणसाने आपल्या हाताने प्रत्येकाच्या तोंडात घालायचे. तो नव्याचा घास पोटात गेल्याशिवाय पानावरच्या भाज्यांना कुणी हात लावत नाही. जो परगावी असेल त्याचाही वाटा काढायचा.

बोर्डिंग बघता बघता ओस पडलं. राहिल्या तीन पोरी. रिओना आणि जिया या बहिणी, त्यांची आई मस्कतला. आणि पहिलीतली शॅनल, तिची आई इस्रायलला एका म्हाताऱ्याची सेवा करायची. दरवर्षी अशा राहिलेल्या पोरींना सिस्टर स्वतः नवं द्यायच्या, रांगेत उभं करून, औषध पाजावं तसं झटपट. या वर्षी त्यांना फादरच्या घरी बिशपांबरोबर जेवायला बसणं भाग होतं.

"तू दे," जाता जाता त्या बेनदिक्ताला म्हणाल्या.

बेनदिक्ताने पाच भाज्या केल्या होत्या, हळदीच्या पानातल्या पातोळ्या वाफवल्या होत्या. वाटीत नवं कालवून ती तिघींसमोर बसली. पहिला घास शॅनलच्या ओठांशी नेला, तर पोरीने तोंड गच्च मिटून घेतलं.

"काय गं? गोड आहे."

शॅनलने मान हलवली.

"बाळा, नवं नाही खाल्लं तर जेवायचं कसं?"

"घरचं मोठं माणूस देतं," शॅनल दातांच्या फटीतून बोलली. "तू कोण?"

रिओना तिला कोपराने ढोसत म्हणाली, "गप गं. सगळ्यांसमोर असं विचारतात का?" पण तिचंही तोंड मिटलेलंच होतं, आणि जिया तर बहिणीकडे बघितल्याशिवाय श्वासही घेत नसे.

बेनदिक्ता वाटी धरून बसून राहिली. पोरगी बरोबर बोलत होती. ती कोण? कुवेतमध्ये तिने दुसऱ्यांच्या पोरांना हजारो घास भरवले होते, पण तो पगाराचा हात होता. हा घास तसा भरवायचा नसतो. आणि तिकडे दूर कुठेतरी दोन बायका आज कॅलेंडर न बघताही तारीख ओळखून असतील, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? सोळा वर्षं दर सप्टेंबरात तिने ही तारीख परक्या स्वयंपाकघरात मसूर निवडत काढली होती, डोळे पुसत, कांदा नसतानाही.

तिने कमरेची पिशवी उघडली आणि फोन काढला. आधीच्या बाईचं काय झालं ते तिला पक्कं आठवत होतं. आठवूनही तिने विचारलं, "शॅनल, मम्मीचा नंबर येतो?"

पोरीला अजून धड पाढे येत नव्हते, पण आईचा नंबर देशाच्या आकड्यांसकट पाठ होता. एका दमात म्हणाली.

पलीकडे एक थकलेला, गोंधळलेला चेहरा उमटला. मागे चाकांच्या खुर्चीत एक म्हातारा डुलक्या घेत होता. "कोण? काय झालं? शॅनलला काय झालं?"

"काही नाही झालं गं बाये. मी बोर्डिंगमधून बोलते. तुझी लेक नवं खात नाही. म्हणते, घरच्यांनी दिलं पाहिजे. तर आता तूच दे. हात माझा, देणारी तू."

बाईने डोक्यावरून ओढणी घेतली, पडद्याकडे बोट आणून लेकीच्या कपाळाच्या दिशेने हवेतच क्रूस काढला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "खा माझ्या राणी. मम्मी देते."

शॅनलने आ केला. एवढा मोठा, की पडलेल्या दोन दातांच्या जागाही दिसल्या.

मस्कतचा फोन लागायला वेळ लागला, पण तोही लागला. रिओनाने घास गिळला, मागोमाग जियानेही, आणि मग इतका वेळ मोठेपणा सांभाळत बसलेली रिओना हुंदके देऊन रडली. तिची आई तिकडून म्हणत होती, "रडतेस काय गं, भोपळे? गिळ आधी, ठसका लागेल," आणि स्वतः तिच्यापेक्षा जास्त रडत होती.

"फोन कुणाचा?"

दारात सिस्टर क्लेमेन्सिया उभ्या होत्या. बिशपांना यायला उशीर होता म्हणून त्या परतल्या होत्या. त्यांच्या मागे रिकाम्या परड्या घेऊन लवीना. किती वेळ उभ्या होत्या देव जाणे.

बेनदिक्ताने फोन बंद केला आणि ती उभी राहिली. "माझा, सिस्टर."

"नियम सांगितला होता."

"सांगितला होता. आधीची बाई कशापायी गेली तेही." तिला वाटलं, आता गेलंच आहे तर सरळ बोलावं. "पोरींना बोलू नका. मीच लावला. मला काम नाही दिलंत तरी चालेल, पण आज यांच्या घशाखाली नवं उतरलं पाहिजे होतं. माझ्या लेकीच्या वेळी मला हे सुचलं नाही. तेव्हा असले फोनही नव्हते, पण खरं सांगायचं तर सुचलंच नाही."

सिस्टरांनी मागे बघितलं. "लवीना. सणानंतर सांगते म्हणाली होतीस. सण झाला."

लवीनाने परड्या खाली ठेवल्या. आईकडे न बघता ती आत आली आणि पोरींच्या त्या बुटक्या बाकावर शॅनलच्या शेजारी बसली. गुडघे हनुवटीला टेकत होते.

"माझं राहिलंय," ती म्हणाली.

बेनदिक्ताला कळेना. "काय राहिलं?"

"नवं. घरातलं मोठं माणूस आता तूच ना?" मग ती सिस्टरांकडे वळली. "सिस्टर, पहिल्या वर्षी मीसुद्धा असंच तोंड मिटलं होतं. आठवतं?"

"आठवतं. जबरदस्तीने घातलं तर माझ्या झग्यावर थुंकलीस." सिस्टरांनी झग्याची ती जागा चाचपली, जणू डाग अजून तिथेच होता. "बेनदिक्ता, दूधवाला पहाटे साडेपाचला येतो. त्याचं माप खोटं असतं. उद्यापासून तू बघ. आणि या एका दिवसापुरता फोनचा नियम मी बदलते. एका दिवसापुरता. कान पिळल्याशिवाय लक्षात राहत नसेल तर तेही करीन."

एवढे शब्द एकदम खर्च झाल्याने त्या दमल्या असाव्यात. पोरींना घेऊन हात धुवायला निघून गेल्या.

बेनदिक्ताने वाटीतलं नवं बोटांवर घेतलं. दूध मनगटावर ओघळलं. लवीनाने आ केला, अगदी शॅनलसारखाच. तिने घास दिला. लेकीने डोळे मिटून तो गिळला आणि बराच वेळ मिटूनच ठेवले.

"छान झालंय म्हणू नकोस हं," बेनदिक्ता म्हणाली.

"नाही म्हणत. नारळ कमी पडलाय."

दोघी हसल्या. बेनदिक्ता पदराने मनगट पुसायला लागली, तोच लवीनाने तिच्या हातातून वाटी घेतली. तळाशी उरलेलं बोटांनी गोळा केलं.

"दुसऱ्या वर्षापासून सिस्टर मला दोन घास द्यायच्या," ती खाली बघत म्हणाली. "एक माझा, एक तुझा. म्हणायच्या, ती परत येईपर्यंत तिचा वाटा तू खा. मी खायचे. कधीकधी तुझ्यावर इतकी चिडलेली असायचे, तरी खायचे. वाटायचं, मी नाही खाल्ला तर तू तिकडे उपाशी राहशील."

बेनदिक्ता तिच्या शेजारी बाकावर बसली.

"आता आलीस ना," लवीना म्हणाली आणि घास तिच्या ओठांशी धरला. "आता तुझा तू खा."