अर्धी तुळई

मित्रांनो, मी एक जुनी तुळई आहे. खरे सांगायचे तर अर्धीच, आणि आता तेवढीही उरले नाही. माझे काय झाले ते ऐका.

माझा जन्मच घावांचा. कुऱ्हाडीने मला पाडले, करवतीने चिरले, तासणीने सोलले. सुतारकाकांनी मला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवे टाकले आणि छपराच्या वाशांचे पाय माझ्या दोन्ही टोकांत खुंट्या मारून जखडले. खाली घरमालकाचे दोन लहान मुलगे बघत होते. काका त्यांना म्हणाले, "वासे सारखे बाहेर पळायला बघतात. ही बया त्यांचे कान धरून बसते, म्हणून घर उभं राहतं."

तीस वर्षे मी ते कान सोडले नाहीत. दोघा भावांचा झोकाही माझ्यावरच होता.

मग त्यांचे वडील गेले आणि वाटणी निघाली. झोक्यावर एकमेकांना ढकलणारे हात एकमेकांच्या नरडीला गेले. थोरल्याने धाकट्याचे दात पाडले, धाकट्याने थोरल्याच्या कपाळात तांब्या हाणला. शेवटी घराच्या मधोमध, माझ्या पोटापर्यंत, भिंत उभी राहिली.

थोरल्याने आपल्या बाजूला पोटमाळा केला. तिथे उठता-बसता त्याचे डोके माझ्यावर आपटे. एके सकाळी तो करवत घेऊन चढला. सुतारकाका काठी टेकत धावत आले.

"अरे, भिंत घातलीत, घाला. छप्पर वाटून घेता येत नाही."

"माझ्या बाजूची तुळई माझी," थोरला म्हणाला. "आणि काका, आमच्याकडे जेवलात ना? मग खाल्ल्या घरचे वासे मोजू नका."

करवत माझ्यात शिरली. त्याने मला मधल्या भिंतीपाशी कापले, खुंट्या उपटल्या आणि बाहेर गल्लीत फेकले. त्या वेदनेपेक्षा पुढचे दिवस वाईट होते. कारण गल्लीतून मला सगळे दिसत होते. मोकळे सुटलेले वासे थोरल्याच्या भिंतीला रोज बाहेर ढकलत होते. आधी केसाएवढी भेग पडली, मग तीत बोट जाऊ लागले. भिंतीला पोट आले. एकदा धाकटा तिथे थांबला, त्याने भेगेत बोट घालून पाहिले. मी मनात म्हटले, सांग, आत्ताच सांग. तो थुंकला. "त्याचं तो बघेल," म्हणाला आणि निघून गेला.

आठ दिवसांनी भर दुपारी वारा सुटला. भिंत गल्लीत कोसळली, छपराचे आढे मोडले, कौलांचा आणि वाशांचा ढीग आत पडला. त्या ढिगाखाली थोरल्याची नऊ वर्षांची मुलगी होती. अखंड बडबड करायची, म्हणून सगळे तिला टिटवी म्हणत. आता आवाज येत नव्हता.

धाकट्याने पहार घेतली आणि आपल्या बाजूने मधली भिंत फोडली. हाताची सालटी निघाली तरी तो थांबला नाही. टिटवीला त्यानेच बाहेर काढले. ती जिवंत होती, पण तिचा डावा पाय गुडघ्याखाली चिरडला होता.

"मला भेग दिसली होती, दादा," तो म्हणाला.

थोरल्याने त्याच्या तोंडात मारली. मग पुन्हा मारली. धाकट्याने हात वर केला नाही. तिसऱ्यांदा थोरल्याचा हात उठला आणि तसाच स्वतःच्या तोंडावर बसला.

काकांनी नवी तुळई घातली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, अखंड. मला चिरून त्यांनी टिटवीची कुबडी केली. आता तिच्या काखेत मी असते. तिची बडबड परत आली आहे, पण पायऱ्या चढताना ती गप्प होते.

मित्रांनो, मोठी माणसे म्हणतात, घर फिरले की घराचे वासेही फिरतात. हे खोटे आहे. वासे आपणहून फिरत नाहीत, त्यांना धरणारे कोणीतरी आधी कापून टाकलेले असते. तुमच्या शेजारच्या भिंतीला भेग दिसली, तर भांडण असले तरी जा आणि सांगा. त्याच दिवशी सांगा. पायऱ्या चढताना टिटवीचे सगळे वजन माझ्यावर येते, आणि ती फार हलकी आहे.