हर्सूलच्या कोठीतली बारव

हर्सूल तलावाच्या वरच्या अंगाला जी कोठी आहे, ती निजामाच्या अमदानीत एका तालुकदारानं बांधली. त्याआधी तो सगळा माळ मेंढरांचा होता. तालुकदारानं माळाला दगडी भिंत घातली, आत आमराई लावली आणि मेंढक्यांची पाण्याची बारवही भिंतीच्या आत गेली. पुढं कोठी एका ठेकेदाराकडं आली. बहात्तरच्या दुष्काळात गावातल्या विहिरी आटल्या, बारवेला मात्र पाणी होतं. ठेकेदारानं फाटकाला कुलूप ठोकलं आणि आवारात कुत्री सोडली.

त्याच उन्हाळ्यात गावातल्या मल्हारीची थोरली बहीण शालू नाहीशी झाली. घरातली पितळी कळशीही गेली. संसार थाटायला नेली, असं लोक म्हणाले. पाचोडचा कडुबा त्यांची मेंढरं राखायचा, शालू त्याच्याशी हसून बोलायची, तेवढं पुरलं. बापानं, म्हणजे हनुमाननं, चार माणसं घेऊन कडुबाला असं झोडपलं की त्याचा पाय कायमचा अधू झाला. आई सुगंधाबाईनं पोरीचं नाव टाकलं, ते मरेपर्यंत तोंडी घेतलं नाही. मल्हारी तेव्हा लहान होता. बहीण आठवली की त्याला तिची लाज वाटायची, आणि ही लाज त्याच्यासोबतच म्हातारी झाली.

गेल्या साली कोठीचं हॉटेल करायचं ठरलं आणि मल्हारी तिथं राखणदार म्हणून लागला. बारवेतला गाळ उपसताना चेपलेली एक कळशी वर आली, मागोमाग हाडं. कामगारानं कळशीवर पाणी मारलं. काठावर टिंबाटिंबांनी बापाचं नाव कोरलेलं होतं. मल्हारी तिथंच खाली बसला.

कामावरचा साहेब अभय त्याला बाजूला घेऊन समजावू लागला. इतक्या वर्षांनी कुणाचं काय भलं होणार, दिवाळीला हॉटेल सुरू करायचंय, हाडं परत आत टाकू आणि वरून बारव बुजवू. मल्हारीनं सगळं ऐकून घेतलं, काठी उचलली आणि सरळ पोलीस चौकी गाठली.

पंचनामा झाला. शालू पाय घसरून पडली, कुत्री मागं लागली म्हणून पडली की कुणी लोटली, हे सांगणारा कुणी उरला नव्हता. मल्हारीला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं गेलं.

तो बाजाराच्या दिवशी पाचोडला गेला. कडुबा दावी-कासरे विकत बसला होता, दुखरा पाय पुढं पसरून. मल्हारीनं ओळख दिली, मग बारवेतलं सांगितलं. कडुबाचे दोर वळणारे हात तेवढे थांबले.

"तुज्या बापाला मी तेच वरडून सांगत व्हतो," तो म्हणाला. "पोरगी भिताड चढून पाण्याला जाताना मी पायली म्हनून. माराच्या नादात कुनी ऐकलं नाय."

मल्हारी त्याच्या पाया पडायला वाकला. कडुबानं पाय ओढून घेतला.

"तिला माती द्यायची झाली तर सांगावा धाड," एवढंच बोलून तो गिऱ्हाइकाकडं वळला.

हाडं ताब्यात मिळायला पावसाळा उलटला. कोठीच्या आवारात, भिंतीच्या कडेला जागा द्या, अशी विनवणी मल्हारीनं केली. हॉटेलवाल्यांनी ती मानली नाही. शेवटी हर्सूलच्या मसणवट्यात खड्डा खणला. कडुबा एसटीनं आला, लंगडत खड्ड्यापर्यंत गेला आणि पहिली मूठ त्यानं टाकली. मल्हारीनं घरी चहाला चल म्हणून हात धरला. कडुबानं तो हळूच सोडवला आणि आल्या वाटेनं निघाला.