डाळिंबावर उमटलेलं नाव

देवळापुढं अख्खं गाव लोटलं होतं आणि मधोमध चंद्राबाई एकटी उभी होती. सयाजी देवरुष्यानं उंच धरलेल्या लालबुंद डाळिंबावर फिकट अक्षरं स्वच्छ दिसत होती : चंद्रा.

बहाराचं पहिलं फळ देवळाच्या आवारातल्या देवाच्या झाडाचं. त्या झाडाला देवरुष्याशिवाय कुणी शिवायचं नाही, ही गावाची रीत.

"देवाला सही कराया पेन लागत न्हाई!" सयाजी घुमत ओरडला. "बागंवर तेल्या कुणी धाडला? करणी कुणाची? वाचा रं! म्या निसता देवाचा पोष्टमन हाय!"

तेल्या रोगानं बागा डागाळल्या होत्या आणि लोकांना कुणीतरी दोषी हवंच होतं. गेल्या साली चंद्राबाईनं शेजारणीचं तापलेलं पोर सयाजीचा अंगारा सोडून दवाखान्यात नेलं, तेव्हापासून ती सयाजीच्या डोळ्यांत सलत होती.

"वैनी, कबूल करा नि सांजच्या आत उंब्रजला लेकीकडं जावा," दीर मानसिंग खाली बघत म्हणाला. "लोकं ऐकायची न्हाईत."

केलंच नाही ते कबूल कसं करायचं? आणि करणीवाल्या आईला लेकीच्या सासरी उंबऱ्यात तरी घेतील का? तिनं मागं पाहिलं. वीस वर्षं बरोबर मजुरी केलेल्या बायका वाट अडवून उभ्या होत्या. एकही बाजूला सरेना.

तिनं पुन्हा डाळिंबाकडं पाहिलं. नावाशेजारी पानाच्या आकाराचा आणखी एक फिकट डाग होता.

"आवं, हे पान बी देवानंच काढलंय व्हय?" तिचा आवाज फुटला. "फळाला पान चिकटलं की तेवढं फिकं ऱ्हातं!"

ती झाडाकडं धावली.

"शिवू नगंस! रगत ओकशील!" सयाजी किंचाळला.

पानांआड आणखी दोन डाळिंबं होती. त्यांवर काळ्या चिकटपट्टीची कापलेली अक्षरं तशीच होती. पहिलं फळ सडलंच तर असावीत, म्हणून केलेली बेगमी! चंद्राबाईनं एक पट्टी नखानं सोलली. खाली फिकट 'चं'.

कच्च्या फळावर पट्टी लावायची. उघडी साल उन्हानं रंगते, झाकलेली फिकी राहते. एवढं तर इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण देवाचं झाड म्हटल्यावर सगळ्यांनी अक्कल चपलांपाशी काढून ठेवली होती.

सयाजी सटकू लागला, तसा लोकांनी त्याला धरला.

"चुकलं, वैनी. घरला चला," मानसिंग पुढं येत म्हणाला.

"तेल्या जंतूनं येतो. न धुतलेली कात्री बागंबागंतनं फिरली की पसरतो. हे तुमीच शिबिरात ऐकून आलाय न्हवं?" चंद्राबाईनं सोललेली पट्टी त्याच्या हातात ठेवली. "आज माजं नाव हुतं. उद्या तुमच्या बायकूचं आलं, भावजी, तर ते वाचायच्या आदी फळ हातात घिऊन बघा."