खुंट्यांच्या फळ्याचा संताप

मी एक जुना, खुंट्यांचा फळा आहे. मित्रांनो, मी संतापलेलो आहे आणि हा राग गिळायची माझी तयारी नाही.

एका सुताराने मला महाविद्यालयातल्या गणिताच्या बाईंसाठी घडवले. बाईंचे कोडे असे होते. बऱ्याच कोनांची, सगळ्या बाजू सारख्या असलेली एक फरशी घ्या. ती जागच्या जागी फिरवता येते, पालथी करता येते. अशा प्रत्येक चालीची एक चकती. सगळ्या चकत्या एकेकदाच वापरून अशी रांग लावायची, की दर चालीनंतर फरशी नव्याच स्थितीत दिसावी. बाई माझ्या खुंट्यांवर स्थितींची नावे टांगत, मध्ये दोरे ओढत आणि दोऱ्यांवर चालींच्या चकत्या अडकवत. एकही नाव दुसऱ्यांदा आले, की रांग बाद!

वर्षभर खपून बाईंनी रांग शेवटाजवळ आणली. मी अभिमानाने फुगलो होतो. विद्यार्थी माझ्यासमोर हळू आवाजात बोलत.

मग नवे विभागप्रमुख आले. एका सकाळी पाहुणे यायचे होते. या गृहस्थाने दोरे कात्रीने कापले, चकत्या डब्यात ओतल्या आणि माझ्या खुंट्यांवर कोट नि छत्र्या टांगल्या!

बाई आल्या. दारातच थबकल्या.

"हे कुणी केलं?"

"मीच. केवढा पसारा होता! परत लावा की. तुम्हाला येतंच."

"तुमचं घर पाडून 'परत बांधा' म्हणू?"

"बाई, दोऱ्यांवरून एवढं?"

बाईंनी विभागप्रमुखांचा कोट त्यांच्याच हातात कोंबला आणि मला उचलून घरी आणले.

थोरल्या बहिणीने विचारले, "अगं, रडतेस कशाला?"

"रडत नाहीये, ताई. तळपायाची आग मस्तकात गेलीये!"

ताईने दोऱ्याचे रीळ आणून दिले.

जुनी रांग बाईंना पुरती आठवेना. अर्ध्यावर येऊन ती पुनःपुन्हा अडे. शेवटी त्यांनी ती सोडली आणि पहिल्या खुंटीपासून वेगळीच वाट धरली. पुढच्या वर्षी ती तडीस गेली. ताई टाळ्या वाजवत सुटली. बाई हसल्या, पण लगेच म्हणाल्या, "ती पहिली पुरी झाली असती का गं?"

ते आता कधीच कळणार नाही.

मित्रांनो, दुसऱ्याचे अर्धे काम तुम्हाला पसारा वाटेल. हात लावण्याआधी विचारा. न विचारता आवरणाऱ्याला मी अजूनही माफ केलेले नाही.